एवढे लिहून द्या, डॉक्टर

ज्यांचा रक्तदाब मी गेली वीस-बावीस वर्षे मोजत आलो आहे, असे एक निवृत्त शिक्षक एका संध्याकाळी दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एरवी 130 च्या आसपास रेंगाळणारा वरचा आकडा त्या दिवशी 180 होता.

"गुरुजी, गोळ्या चालू आहेत ना?"

"गोळ्या चालू आहेत. झोप बंद आहे."

मुलगा आणि सूनबाई वर्षभर वेगळे राहत होते. आता प्रकरण न्यायालयात जाणार होते. कोणा नातेवाइकाने गुरुजींच्या कानात एक युक्ती घातली होती. ते खाली बघत म्हणाले, "बाळंतपणानंतर सूनबाईंना तुम्ही औषध दिले होते. डोक्यावर परिणाम झाला होता, एवढे लिहून द्या, डॉक्टर. पुढचे सोपे होईल."

औषध दिले होते, हे खरे. बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांना येते तसे नैराश्य त्यांना आले होते. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि काही महिन्यांत त्या पूर्ण बऱ्या झाल्या. मी नकार दिला. गुरुजींना तो लागला.

या नकारामागे एक जुनी टोचणी आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाच्या आग्रहाखातर, त्यांच्या सुनेला 'मानसिक अस्वास्थ्य' असल्याचा दोन ओळींचा दाखला मी देऊन बसलो होतो. दोन वर्षांनी साक्षीसाठी समन्स आले. "आपण मनोविकारतज्ज्ञ आहात का? किती वेळा तपासले?" या प्रश्नांना माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. ती मुलगी समोरच्या बाकावर बसून माझ्याकडे पाहत होती. त्या दोन ओळींनी तिला काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, हे मला त्या दिवशी कळले.

कायदाही अशा दाखल्याने भुलत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे एक कारण आहे; परंतु तो आजार जोडीदाराने एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये इतका गंभीर असावा लागतो. नुसत्या निदानाने हे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच स्पष्ट केले. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर सांगतो की, आजाराचे निदान झाले एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही. (याच विवाह कायद्यात कुष्ठरोग हेही घटस्फोटाचे कारण होते. ते 2019 मध्ये वगळले गेले, तेव्हा डॉक्टर म्हणून मला हायसे वाटले.)

गुरुजींची झोप उडवणारी खरी गोष्ट मात्र वेगळी होती. 'कोर्ट' म्हणजे पोलीस, भर लोकांत अब्रूची लक्तरे आणि नातवाची कायमची ताटातूट, असे चित्र त्यांनी मनात रंगवले होते. म्हणून मी त्यांना बसवून घेतले. मी वकील नव्हे. पण एवढ्या वर्षांत इतक्या कुटुंबांसोबत हा रस्ता चाललो आहे की त्यातील वळणे ठाऊक झाली आहेत.

दोघांची संमती असेल, तर मार्ग सरळ आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिल्यानंतर दोघे मिळून कौटुंबिक न्यायालयात अर्ज करतात. पोटगी, स्त्रीधन, मुलाचा ताबा आणि भेटीचे दिवस यांविषयीच्या अटी आधीच ठरवून त्यात लिहिलेल्या बऱ्या. त्यानंतर सहा महिने थांबावे लागते. हेतू हा की, विचार बदलायला अवसर मिळावा. अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन आपली इच्छा कायम असल्याचे सांगायचे असते. तोवर कोणीही संमती मागे घेऊ शकतो. समेटाची शक्यता उरलेली नसेल, दीर्घकाळ विभक्तपण असेल आणि सर्व अटी ठरलेल्या असतील, तर हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. अन्य धर्मीयांचे आणि नोंदणी विवाहाचे कायदे निराळे आहेत. त्यासाठी वकिलांनाच विचारावे.

एकाचीच इच्छा असेल, तर क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग यांसारखे कारण पुराव्याने सिद्ध करावे लागते. नोटीस, लेखी जबाब, साक्षी, उलटतपासणी. यात वर्षे जातात. दरम्यान अंतरिम पोटगी मागता येते. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्या स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते. हे आपल्या लेकीबाळींना जरूर सांगा.

दोन्ही वाटांवर समुपदेशक भेटतात, कारण समेटाचा प्रयत्न करणे हे कौटुंबिक न्यायालयाचे कर्तव्यच आहे. त्या खोलीत पती-पत्नींनी बोलायचे असते, आईवडिलांनी बाहेरच्या बाकावर बसायचे असते. हे बाहेर बसणे फार कठीण जाते, हे मी जाणतो. कोणा पक्षाने मागणी केल्यास सुनावणी बंद खोलीत घ्यावी लागते. चव्हाट्यावर काही मांडले जात नाही.

तारखेला सोबत जाणार असाल, तर सकाळच्या गोळ्या चुकवू नका. मधुमेह असेल तर डबा आणि साखरेची पुडी पिशवीत ठेवा. पुकारा कधी होईल याचा नेम नसतो. पुढची तारीख पडली म्हणून कोसळून जाऊ नका, ते तिथले नित्याचेच आहे. आणि नातवंडाला "आई काय म्हणत होती?" असे कधीही विचारू नका. लहान मुलांची पोटदुखी, अंथरूण ओले होणे यांच्या मुळाशी असले प्रश्न मी अनेकदा पाहिले आहेत.

गुरुजी त्या संध्याकाळी दाखल्याविना गेले आणि दोन महिने फिरकले नाहीत. मग एके दिवशी औषधाची चिठ्ठी घेऊन आले. मुलाने आणि सूनबाईंनी संमतीने अर्ज केला होता. नातू आईकडे राहणार होता, दर रविवारी आजोबांकडे येणार होता. रक्तदाब 146 होता. पुढच्या खेपेला आणखी खाली आला.

परवा सूनबाई मुलाला तापासाठी घेऊन आल्या. निघताना दारात थांबून त्यांनी विचारले, "आजोबांचे बीपी कसे आहे हो?"

एका रुग्णाची माहिती मी दुसऱ्याला देत नाही. मी म्हणालो, "त्यांनाच विचारा ना. फोन नंबर तोच आहे."