वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया : कोणती आणि कोणासाठीं?

दुखण्याचा विषय निघाला म्हणजे आपल्या घरांतून सल्ल्याला तोटा नसतो. एकत्र कुटुंबांत तर तो न मागतां मिळतो. कोणाच्या मावसबहिणीला अमुक काढ्यानें गुण आला, कोणाच्या साहेबांना तमुक डॉक्टरांनीं बरें केलें, यावरून आपणहि तेंच करावें असा निष्कर्ष निघण्यास वेळ लागत नाहीं. सर्दीपडशापुरतें हें चालून जातें. परंतु जठराची रचनाच कायमची बदलावयाची असेल, तेव्हां 'व्यक्ति तितक्या प्रकृति' ही म्हण विसरून भागत नाहीं. वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय मला दोन वर्षांपूर्वीं करावा लागला. त्या वेळीं जें कळलें, तें अशाच विवंचनेंत असलेल्या भगिनींच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

तेव्हां माझें वय ४७, उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन १०१ किलो होतें. मधुमेहाला ९ वर्षें झालीं होतीं, आम्लपित्ताला त्याहूनहि अधिक. दोन उशा घेतल्यावांचून झोंप येत नसे. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून जो देहभारांक काढतात, तो माझा ४२ होता. या विषयांतील दोन प्रमुख शस्त्रवैद्यसंस्थांनीं २०२२ सालीं ठरविलेल्या निकषांप्रमाणें हा अंक ३५ किंवा अधिक असल्यास, दुसरा विकार नसला तरी शस्त्रक्रिया सुचविली जाते. आशियाई लोकांसाठीं ही मर्यादा २७.५ इतकी खालीं आणली आहे. तेव्हां शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं, हा प्रश्न माझ्यापुरता लौकर सुटला. कोणती करावी, यावर मात्र घरांत दोन महिने चर्चा चालली.

मुख्य प्रकार तीन. पहिला 'स्लीव्ह'. यांत जठराचा सुमारें तीन चतुर्थांशांहून अधिक भाग कापून काढतात व केळ्यासारखी अरुंद नळी मागें ठेवतात. भूक चेतविणारें घ्रेलिन नांवाचें द्रव्य मुख्यतः त्या काढलेल्या भागांत तयार होत असल्यामुळें भूकहि मंदावते. आंतड्याला हात लागत नाहीं. पण गेलेलें जठर परत मिळत नाहीं. दुसरा 'बायपास'. यांत जठराच्या वरच्या टोकाला सुमारें ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी वेगळी करून ती लहान आंतड्याला थोडें खालीं जोडतात. उरलेलें जठर पोटांतच राहतें व त्याचे रस पुढें जाऊन अन्नाला मिळतात. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं बायपासचा पाया घातला. तिसरा 'मिनी बायपास'. त्यांत दोनांऐवजीं एकच जोड असल्यानें वेळ कमी लागतो, परंतु पित्त वर पिशवींत येण्याचा संभव राहतो. जठराला पट्टा बांधण्याची पद्धत एके काळीं फार चाले. पट्टा सरकणें, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणें, अशा कारणांनीं ती बहुतेक मागें पडली आहे.

धाकटे भावोजी स्लीव्हच्या बाजूचे. त्यांच्या मित्राच्या मुलाचें वजन तिनें ४० किलो उतरलें होतें. "वहिनी, आंतड्याला हात न लावतां भागत असेल, तर लावूं कशाला द्यायचा?" हा त्यांचा प्रश्न वावगा नव्हता. सासूबाईंनीं त्याहून साधें विचारलें : "कुठलं केलंस म्हणजे तुला रात्रीं नीट आडवं होऊन झोंपतां येईल?"

हाच प्रश्न मीं शस्त्रवैद्यांपुढें ठेवला. दुर्बिणीनें पाहतां अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लानें दाह झालेला दिसला. मग त्यांनीं मला फिनलंडमधील एका अभ्यासाचे आंकडे समजावून दिले. तेथें २४० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी स्लीव्ह व बायपास यांत विभागणी केली होती. दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. जादा वजनापैकीं स्लीव्हनें सुमारें ४४ टक्के, तर बायपासनें सुमारें ५१ टक्के उतरलें. मधुमेह हटण्यांत निर्णायक फरक आढळला नाहीं. परंतु अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह केलेल्यांत शेंकडा ३१ जणांस, तर बायपास केलेल्यांत शेंकडा ७ जणांस दिसला. स्लीव्हच्या अरुंद नळींत दाब वाढतो आणि आम्ल वर चढूं शकतें. भावोजींच्या मित्राच्या मुलाला आम्लपित्त नव्हतें, मला होतें. मिनी बायपासहि पित्ताच्या भयानें बाजूला पडला.

बायपासची किंमत मात्र जन्मभर द्यावी लागते. ब-१२ जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम शरीरांत नीट मुरत नाहींत. ब-१२ धान्यांत व भाज्यांत मुळींच नसतें. आपल्या शाकाहारी घरांत तें काय तें दूधदह्यांतून येतें. म्हणून नेमानें गोळ्या आणि वेळोवेळीं रक्ततपासणी, हें व्रत सोडतां येत नाहीं. स्लीव्हनंतरहि पूरक औषधें चुकत नाहींत, पण बायपासनंतर हयगय अधिक महागांत पडते. सूज उतरविणाऱ्या वेदनाशामक गोळ्या वर्ज्य, कारण जोडाच्या जागीं व्रण होऊं शकतो. गुडघे दुखले तर मला पॅरासिटामॉल आणि शेक यांवर भागवावें लागतें. श्रीखंडाची वाटी संपवावी, तर घाम फुटून छातींत धडधडतें. शिवाय जोड गळणें, रक्तस्राव, रक्ताची गुठळी हे धोके थोड्यांनाच होत असले, तरी कोणत्याहि प्रकारांत असतातच.

शस्त्रवैद्यांचें काम कांहीं तासांचें. पुढचें सारें स्वयंपाकघराचें. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावींत म्हणून जाऊबाई माझ्या पानांत आधीं पनीर किंवा मुगाची उसळ वाढतात, भात शेवटीं. जेवतांना पाणी नाहीं, घाई नाहीं. पंगतींत कोणी आग्रह करूं लागलें, तर सासूबाई स्वतः त्याचा हात धरतात. आज माझें वजन ७३ किलो आहे. मधुमेहाच्या तीन गोळ्यांची एक झाली. ती एक अजून आहे. उशीहि एकच पुरते.

गेल्या वर्षीं माझ्या नणंदेनें विचारलें, "वहिनी, तुम्ही केलीत तीच मी करूं का?" तिला संधिवात आहे व सूज उतरविणाऱ्या गोळ्यांवांचून तिचा दिवस जात नाहीं, आम्लपित्त मात्र नाहीं. मीं तिला एका कागदावर आपलीं सर्व दुखणीं, सर्व औषधें आणि आयुष्यभर काय काय पाळणें जमेल, एवढें लिहावयास सांगितलें व तो कागद घेऊन शस्त्रवैद्यांकडे पाठविलें. तिची स्लीव्ह झाली. ती तिला मानवली आहे.