पडद्याआडचे टपाल

संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, घड्याळाच्या शेजारी एक चिंचोळी जागा असते. चार-सहा बारीक चिन्हे तिथे दाटीवाटीने बसलेली असतात. लोक तिला सिस्टिम ट्रे म्हणतात. 1995 सालच्या विंडोजबरोबर ती प्रथम अवतरली, आणि निर्मात्यांच्या दप्तरी तिचे नाव 'नोटिफिकेशन एरिया', म्हणजे सूचनांची जागा, असे आहे. परंतु दस्तऐवजातले नाव एक आणि गावाच्या तोंडचे दुसरे, हा अनुभव जमिनीचे खटले चालवणाऱ्याला नवा नाही. आणि अशा तंट्यात बहुधा गावच जिंकतो.

ईमेलचा प्रोग्रॅम नुसता खाली सारला, तर तो तळपट्टीवर अंग चोरून बसतो. पण तिथून आपल्याकडे बघत असतो. ट्रेमध्ये पाठवला की तेही नाही. उरते ते मुगाच्या दाण्याएवढे चिन्ह, आणि विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तर तेही पुष्कळदा एका लहानशा बाणामागे लपते. थंडरबर्ड नावाच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय 2020 साली अंगभूत झाली. त्याआधी वर्षानुवर्षे लोक बाहेरचे जोड-प्रोग्रॅम बसवून तीच गोष्ट साधीत. जुन्या घडणीच्या आउटलुकमध्ये ट्रेमधल्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबले, की खाली सारल्यावर लपवण्याची आज्ञा देता येते. मेख दोन्हीकडे एकच. वरच्या कोपऱ्यातली आडवी रेघ दाबली तर प्रोग्रॅम ट्रेमध्ये जातो आणि टपाल घेत राहतो. फुली दाबली तर त्याचा कारभारच आटोपतो. टेबल मात्र दोन्ही वेळा सारखेच स्वच्छ दिसते.

माझ्याकडे नव्याने काम शिकायला आलेली एक मुलगी बरेच दिवस फुलीच दाबत असे. एकदा संध्याकाळी मोठ्या समाधानाने म्हणाली, "सर, आज दुपारपासून एकही मेल नाही." मी म्हटले, "अगो, कारकुनाला घरी पाठवलेस, मग टपाल घेणार कोण?"

तिला समजावताना मला देवळातला पडदा आठवला. नैवेद्याच्या वेळी गर्भागारासमोर पडदा ओढला जातो; पण म्हणून सभामंडपातून कोणी उठून घरी जात नाही. आत चालायचे ते चाललेले असते, घंटा होईल आणि पडदा सरेल हे सर्वांना ठाऊक असते. शेजारती झाली, दार लागले, की मात्र मंडळी पायऱ्या उतरू लागतात. रेघ आणि फुली यांतला भेद देवळात वाढलेल्या त्या मुलीला याहून सोपा करून सांगणे मला जमले नसते. उपमा फार ताणू नये, हे खरे. पत्रव्यवहारात दैवी असे काही नसते. माझ्या तर नाहीच नाही. शिवाय देवळातला पडदा आतल्याच्या निवांतपणासाठी असतो, आणि इथे निवांतपणा हवा असतो तो बाहेर बसलेल्याला. तो मिळावा म्हणून नुसता पडदा पुरत नाही. ट्रेमध्ये लपलेला प्रोग्रॅम प्रत्येक नव्या पत्राबरोबर कोपऱ्यातून एक चिठ्ठी वर काढतो, वर टिणटिण करतो. ती चिठ्ठी आणि तो आवाज दोन्ही बंद केल्यावाचून ट्रेचा उपयोग अर्धाच. मी ते बंद करतो, आणि दुपारी जेवणापूर्वी एकदा व दिवेलागणीला एकदा स्वतःच पडदा बाजूला करतो.

एवढे जपून वागायचे कारण कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 याच्या तेराव्या कलमाप्रमाणे, ज्याला पत्र पाठवायचे त्याने आपला म्हणून जो संगणकीय पत्ता नेमून दिला असेल, तिथे पत्र दाखल झाले की ते त्याला मिळाले असे धरले जाते. उभयपक्षी वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी. त्याने ते उघडले का, वाचले का, हे हे कलम विचारीत नाही. 2020 च्या जुलैत, महामारीच्या दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाने नोटिसा आणि समन्स ईमेलनेही बजावण्यास मुभा दिली, तेव्हापासून आमच्या धंद्यात या कलमाला फारच धार आली. तुमचा प्रोग्रॅम ट्रेमध्ये असो, बाणामागे असो की फुली मारून निजवलेला असो, तिकडे घड्याळ सुरू झालेले असते. झाकलेल्या डोळ्यांना कायदा झोप समजत नाही.

मागे एका मुंडकार बाईचे अपील मी लिहीत होतो. 1975 च्या मुंडकार कायद्याखालचे प्रकरण, निकाल मामलेदाराचा. भाटकाराच्या जमिनीतल्या ज्या घरात तिची सारी हयात गेली, ते घर तिचे वास्तव्याचे घर नव्हे, असा तो निकाल. असले अपील घाईने लिहिता येत नाही. एक तारीख निसटली तर माणूस उंबऱ्याबाहेर पडतो. म्हणून ती सबंध सकाळ मी टपाल ट्रेमध्ये लोटून, आवाज बंद करून बसलो होतो. दुपारच्या सुमारास बाई स्वतःच आली. छत्री दाराशी टेकवून तिने विचारले, "वकीलबाब, चीट पावली मू?"

तिच्या भाच्याने आखातातून सकाळीच मेल पाठवली होती. कलम 13 पुरते बोलायचे तर चिठ्ठी पावून तीन तास होऊन गेले होते. पण बाई विचारीत होती ते निराळेच. ती मी वाचली का, तीत काय आहे, आणि तेवढ्याने भागेल का, हे तिला हवे होते. मी तिला बसायला सांगितले, कोपऱ्यातल्या त्या चिन्हावर बोट ठेवून टपाल वर काढले, आणि भाच्याने घरपट्टीच्या जुन्या पावत्यांची चित्रे जोडली होती ती एकेक उघडून तिला मोठ्याने वाचून दाखवू लागलो. तिसऱ्या पावतीवरचे साल पुसट झाले होते. मी एक आकडा वाचला. बाई म्हणाली, तो नव्हे, त्या साली घराचे छप्पर उडाले होते, पावती त्याच्या पुढच्या वर्षाची. मी चित्र मोठे करून पाहिले आणि मसुद्यात ते साल घातले.