खीचनच्या कुरजा आणि आपला नाथसागर

छत्रपती संभाजीनगरहून राजस्थानातील खीचन हे गाव मोटारीने बाराशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मात्र तेथे दर हिवाळ्यात जे पाहुणे येतात, त्यांच्या प्रवासापुढे हे अंतर काहीच नव्हे. मंगोलिया, कझाकस्तान आणि चीनच्या गवताळ प्रदेशांत जन्मलेले करकोचे हिमालय ओलांडून मारवाडात उतरतात आणि फाल्गुनापर्यंत मुक्काम करतात. मराठीत त्यांना कांड्या करकोचा म्हणतात. मारवाडात त्यांचे नाव कुरजां. बँकेतून सेवानिवृत्त झाल्यापासून पक्षिनिरीक्षणाचा छंद जडलेला असल्यामुळे या पाहुण्यांच्या भेटीला स्वतः मोटार चालवत जावे, असे आम्ही उभयतांनी ठरविले आणि गेल्या डिसेंबरात निघालो.

मार्ग सोपा आहे. कन्नडचा औट्रम घाट उतरून धुळे, तेथून इंदूर, मग रतलाम, मंदसौर, नीमच या वाटेने चित्तोडगड. सूर्यास्तापूर्वी भोजन हा घरचा नियम असल्याने रात्रीचा प्रवास आपोआपच टळला आणि साठी ओलांडलेल्या चालकास तेच हिताचे. चित्तोड आणि उदयपूर यांच्या दरम्यान मेनार नावाचे गाव लागते. तेथील ग्रामस्थ आपल्या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी वा शिकार होऊ देत नाहीत. त्यामुळे पाण्यावर परदेशी बदकांची दाटी असते. पुढे राणकपूर येथे दर्शन घेऊन जोधपूर आणि जोधपूरहून फलोदीच्या रस्त्यावर ओसियां. ओसवाल समाज आपले मूळ ज्या गावात मानतो, तेथील महावीर मंदिर आठव्या शतकातील आहे. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही फलोदीस पोहोचलो. खीचन तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

आपल्यातील अनेक घराण्यांचे पूर्वज याच वाळवंटातून व्यापारासाठी मराठवाड्यात आले. घरधनी दूरदेशी आणि घरधनीण मारवाडात, अशी कित्येक वर्षे गेली. म्हणूनच कुरजां हे तेथील लोकगीतातले लाडके पाखरू आहे. विरहिणी तिला बहीण मानून परदेशी गेलेल्या पतीकडे निरोप धाडते. स्थलांतर करणाऱ्या माणसांनी स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला आपले मानावे, यात नवल ते काय!

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास चुग्गाघराशेजारच्या एका घराच्या गच्चीवर आम्ही उभे राहिलो. चुग्गाघर म्हणजे गावाच्या कडेला कुंपण घातलेले मोकळे पटांगण. पक्षी येण्यापूर्वीच तेथे ज्वारी पसरून ठेवलेली असते. प्रथम आकाशात बारीक रेघा दिसल्या, मग कानावर खणखणीत साद आली आणि थोड्याच वेळात शेकडो कुरजा डोक्यावर घिरट्या घालू लागल्या. करड्या रंगाचे अंग, काळी मान, लाल डोळा आणि डोळ्यामागून मानेवर रुळणारा पांढरा पिसांचा झुबका. जगातील करकोच्यांत ही जात सर्वांत लहान, तरी उंची सुमारे तीन फूट. एक थवा उतरे, पोटभर दाणे टिपे आणि उडून दुसऱ्यास जागा करून देई. दुपारी त्या विजयसागर आणि रातडी नाडी या तलावांवर पाणी पिण्यास जातात, रात्र गावाबाहेरच्या उघड्या माळावर काढतात. अलीकडच्या हिवाळ्यांत त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात जाते.

या व्यवस्थेचा आरंभ अगदी साधा आहे. सत्तरच्या दशकात रतनलाल मालू हे जैन गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी सुंदरबाई गावात कबुतरांना दाणे घालीत असत. त्या दाण्यांवर काही कुरजा येऊ लागल्या आणि वर्षागणिक वाढत गेल्या. पण वस्तीत दाणे टिपताना कुत्रे त्यांच्यावर हल्ला करीत. केवळ दाणे घालून पुण्य पदरी पडले, असे मालू दांपत्याने मानले नाही. पंचायतीकडून गावाबाहेर जागा मिळाली, तिला कुंपण पडले, धान्याची कोठारे झाली. चेन्नईसारख्या दूरच्या शहरांत व्यापार करणारी खीचनची कुटुंबे नियमाने देणगी पाठवू लागली. पुढे गावाभोवतीच्या वीजतारांवर आदळून पक्षी मरू लागले, तेव्हा पक्षिप्रेमींनी त्यासाठी न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला. जून 2025 मध्ये खीचन आणि मेनार या दोन्ही ठिकाणांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ स्थळे म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले.

आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेलेल्या माणसास दानातही दोन खाती दिसतात. एक धान्याच्या खर्चाचे, दुसरे देखभालीचे. पहिल्या खात्यात आपण सढळ हाताने भर घालतो. दुसरे बहुधा कोरेच राहते. हजारो पक्षी एका जागी जमले की रोगाचे भयही वाढते. जानेवारी 2025 मध्ये जैसलमेर जिल्ह्यात मृत कुरजांमध्ये बर्ड फ्लू आढळला, तेव्हा ते भय काल्पनिक नाही हे दिसून आले. म्हणून जागेची स्वच्छता, शुद्ध पाणी, पशुवैद्यकाची नजर आणि मेलेल्या पक्ष्याची त्वरित नोंद ही देखील जीवदयेचीच अंगे होत.

त्याच वर्षी मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि आपल्या समाजातील अनेकांची मने दुखावली. एका बाजूस भूतदयेची जुनी परंपरा, दुसऱ्या बाजूस शेजाऱ्याच्या फुप्फुसांचा प्रश्न. खीचनही कबुतरांच्या दाण्यांपासूनच सुरू झाले होते. तेथे वेळीच वस्तीपासून वेगळी जागा केली गेली, पूर्ण गाव त्या कामात सामील झाले आणि म्हणून दाणे घालणारा व शेजारी यांच्यात भिंत उभी राहिली नाही. अहिंसा मुक्या जीवासाठी जितकी, तितकीच खोकणाऱ्या शेजाऱ्यासाठी, हे मान्य केले तर मार्ग निघू शकतो, असे मला वाटते.

ज्यांना इतके दूर जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी नाथसागर आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्‌घाटन केले. 1986 पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. हिमालय ओलांडणारे पट्टकादंब, गुलाबी रोहित, तलवार बदके आणि केशरी अंगाचे चक्रवाक येथे हिवाळ्यात येतात. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ यांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, तर दिगंबर परंपरेत चकवा म्हणजे हाच चक्रवाक. पैठणच्या मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनास आपण नेहमी जातो. तेथून जलाशयाचा काठ दूर नाही.

पण येथे दाण्यांची थैली नेण्याचे कारण नाही. नाथसागरच्या पक्ष्यांना हवा आहे तो पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा चिखलाचा काठ, त्यातील किडे व पाणवनस्पती आणि निवांतपणा. त्या काठावरच गाळपेर होते, पाण्यात जाळी पडतात आणि त्यावर अनेक गरीब कुटुंबांचे पोट आहे. त्यांना दोष देऊन पक्षी वाचणार नाहीत. त्यांच्या मुलांचे शिक्षण, जाळ्यात वा मांज्यात अडकलेल्या पक्ष्यावर उपचार आणि गावातील तरुणांना पक्षी दाखविण्याचा रोजगार, या गोष्टींना हातभार लावणे आपल्या समाजास अवघड नाही. पर्युषणात जीवदयेच्या नावाने जी रक्कम बाजूला काढली जाते, तिचा एक हिस्सा दरवर्षी नाथसागरच्या काठासाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब संघापुढे मांडला जावा, अशी माझी नम्र सूचना आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पक्षी पाहण्यास उत्तम. मुलांना सोबत न्यावे, पहाटे निघावे, आवाज करू नये आणि दुर्बिणीतून पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे त्यांना मोजू द्यावेत.