समुद्राखालची वाट : आधी कागद, मग तिकीट

आपल्या ओळखीतल्या अनेक घरांतील मुले-मुली आज नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतात. आई-वडील, मामा-मावशी त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहून येतात. लंडन बघून झाले की मुलांच्या मनात येते, माणसे एवढ्या लांब आलीच आहेत तर त्यांना शेजारचा फ्रान्सही दाखवावा. सहा माणसांचे विमानभाडे, हॉटेलच्या खोल्या आणि बाहेरचे जेवण हा खर्च जड जातो. मग स्वतःची मोटार, मागे जोडलेली कॅरॅव्हॅन आणि समुद्राखालचा बोगदा असा बेत ठरतो. मे २०२५ मध्ये भाच्याच्या कुटुंबाबरोबर मी आणि माझी मोठी बहीण याच वाटेने जाऊन आलो. या वाटेची तयारी कशी करावी, ती खरोखर कशी आहे आणि तिथे माणसाला नेमके काय अडवते, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे छोटे घर. त्यात बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, फ्रीज असे सारे असते. ते मोटारीच्या मागे जोडायचे आणि रात्री ठरलेल्या तळावर भाडे भरून उभे करायचे. आपला भात आपणच शिजवायचा. कारकुनी पगारात वाढलेल्या माणसाला हा हिशेब चटकन पटतो.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये इंग्लिश खाडी आहे. ती ओलांडायला बोटी आहेतच. डोव्हरहून कॅलेला बोटीने सुमारे दीड तास लागतो. बोगद्यातून मात्र अवघी ३५ मिनिटे लागतात. या बोगद्यात मोटारींचा रस्ता नाही, फक्त रेल्वे आहे. आपली मोटार कॅरॅव्हॅनसकट रेल्वेच्या डब्यात चढवायची आणि गाडीने ती पलीकडे न्यायची. कोकण रेल्वे १९९९ पासून मालट्रक वाघिणींवर चढवून नेते, तशातलाच हा प्रकार. फरक इतका की इथले डबे बंद असतात आणि माणसे आपापल्या वाहनापाशीच थांबतात. या सेवेचे नाव ले शटल. इंग्लंडच्या बाजूला फोकस्टन गावाजवळ आणि फ्रान्सच्या बाजूला कॅलेजवळ कोकेल येथे तिची स्थानके आहेत. पायी जाणाऱ्याला ले शटलमध्ये घेत नाहीत. त्याने लंडनहून सुटणारी युरोस्टार गाडी धरावी. तीही याच बोगद्यातून जाते.

आता आरक्षणाविषयी. आपल्याला माणशी तिकिटाची सवय असते. इथे भाडे वाहनामागे असते. गाडीत चारजण बसोत की सहा, नऊ माणसांपर्यंत तेवढेच पैसे. कॅरॅव्हॅनचे पैसे वेगळे द्यावे लागतात. दिवस, वेळ आणि मागणी पाहून भाव बदलतो. शाळेच्या सुट्टीतली शनिवारची सकाळ महाग, आडवारी रात्रीची वेळ स्वस्त. पाच दिवसांच्या आत परतणाऱ्याला एक दर आणि जास्त मुक्काम करणाऱ्याला दुसरा. वेळ बदलण्याची मोकळीक हवी असेल तर तिचे पैसे आणखी वेगळे. म्हणून मुक्काम किती दिवसांचा हे घरात बसून आधी ठरवावे आणि मगच तिकिटाला हात घालावा.

तिकीट काढण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन अंगणात जावे. अर्जात वाहनाची उंची आणि लांबी विचारतात. १.८५ मीटरपर्यंत उंचीच्या मोटारी दुमजली डब्यांत जातात. त्याहून उंच वाहने आणि कॅरॅव्हॅन एकमजली डब्यांत जातात. मोटारीच्या टपावर सामानाची पेटी बसवली की उंची वाढते, हे ध्यानात ठेवावे. लांबी मोजताना मोटार आणि कॅरॅव्हॅन एकमेकांना जोडूनच मोजावी. भाच्याने दोन्ही मुलांना टेपची दोन टोके धरायला लावली आणि आकडे वहीत उतरवून घेतले.

पुढचा प्रश्न गॅसचा. एल.पी.जी.वर चालणारी मोटार बोगद्यात नेऊ देत नाहीत. स्वयंपाकाचा सिलिंडर मात्र चालतो. एक सिलिंडर ४७ किलोपर्यंत आणि एकाहून अधिक असतील तर सगळे मिळून ५० किलोपर्यंत, अशी मर्यादा आहे. आपल्या घरचा सिलिंडर १४.२ किलोचा असतो, त्यावरून अंदाज यावा. सिलिंडर घट्ट बांधलेला आणि बंद असला पाहिजे. स्थानकावर कर्मचारी तो स्वतः पाहून खात्री करतात. १९९६ साली याच बोगद्यात एका मालगाडीला मोठी आग लागली होती. त्यामुळे ही तपासणी कोणीही हसण्यावारी नेत नाही.

इथपर्यंतचे नियम सर्वांना सारखे आहेत. खरी परीक्षा कागदपत्रांची असते. भाचा, त्याची पत्नी आणि मुले यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट. ताईकडे आणि माझ्याकडे भारतीय. इंग्लंडचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. तिथे शेंगेन व्हिसा वेगळा लागतो आणि भारतात राहणाऱ्याने त्याचा अर्ज इंग्लंडला निघण्यापूर्वी भारतातूनच करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. सोबत किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. आमच्यापुढे पेच असा पडला की व्हिसाच्या अर्जाला प्रवासाचा आराखडा हवा, आणि व्हिसा हाती नसताना तिकिटात पैसे अडकवायचे कसे?

इथे वाहनामागे भाडे असण्याचा फायदा झाला. आम्हा दोघांना व्हिसा नाकारला असता तरी उरलेल्या चौघांना त्याच तिकिटावर जाता आले असते. हिशेबाने एक पैसाही बुडत नव्हता. पण कुटुंब काही हिशेबावर चालत नाही. ताईने एका नगरपालिकेच्या दवाखान्यात आयाचे काम करून या मुलाला शिकवले. तो फोनवर म्हणाला, "मामा, आई येणार नसेल तर आम्हीही जाणार नाही. तिकीट गेले तर जाऊ दे." मुंबईहून निघायच्या आठ दिवस आधी व्हिसाचे शिक्के घेऊन आमचे पासपोर्ट परत आले. त्या आठवड्यात ताई नीट जेवली नव्हती, हे तिने फ्रान्समध्ये गेल्यावर सांगितले.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचीही वाट आता पूर्वीइतकी मोकळी नाही. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडले. त्यानंतर त्यांनाही १८० दिवसांत ९० दिवसच राहण्याची मर्यादा आली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून संघाबाहेरील प्रवाशांचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद ठेवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे हाताशी जास्तीचा वेळ ठेवावा. ब्रिटनहून मांसाचे आणि दुधाचे पदार्थही सोबत नेता येत नाहीत. ताईने आणलेले पेढे घरीच संपवावे लागले. डाळ, तांदूळ आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर आली.

ठरलेल्या दिवशी एम-२० या महामार्गाने फोकस्टनला पोहोचलो. गाडी सुटण्याच्या किमान ४५ मिनिटे आधी हजर राहावे लागते. कॅरॅव्हॅन असेल तर त्याहूनही लवकर जावे. फाटकावरचा कॅमेरा मोटारीचा नंबर वाचतो आणि आपले आरक्षण पडद्यावर येते. समोरच्या चेरिटन टेकडीच्या उतारावर २००३ साली पांढऱ्या दगडांनी रेखलेला भला मोठा घोडा दिसतो. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी निघतानाच होते. फ्रेंच पोलीस इंग्लंडच्या भूमीवर बसून पासपोर्ट तपासतात आणि परतताना ब्रिटिश अधिकारी फ्रान्समध्ये तपासणी करतात. पलीकडे उतरल्यावर थेट रस्त्याला लागायचे.

डब्यात मोटार उभी केली, हँडब्रेक ओढला, काचा थोड्या खाली केल्या. डब्यांमधली अग्निरोधक दारे बंद झाली आणि गाडी हलली. मुलांना वाटत होते, खिडकीतून मासे दिसतील. दिसतो तो नुसता काळोख, कारण बोगदा समुद्राच्या तळाखालच्या खडूच्या खडकातून जातो. त्याची लांबी सुमारे ५०.५ किलोमीटर आहे, म्हणजे बोरीबंदर ते कल्याणपेक्षा थोडी कमी. त्यातले जवळजवळ ३८ किलोमीटर थेट समुद्राखाली आहेत. रेल्वेचे दोन बोगदे आणि त्यांच्या मधोमध देखभालीचा तिसरा, अशी रचना आहे. मधल्या बोगद्यात शिरायला दर ३७५ मीटरवर आडवी वाट ठेवली आहे.

हे स्वप्न जुने आहे. १८०२ मध्ये एका फ्रेंच अभियंत्याने घोडागाड्यांसाठी असा बोगदा सुचवला होता. १८८० च्या सुमारास खोदकाम सुरूही झाले, पण या वाटेने शत्रूचे सैन्य येईल या भीतीने इंग्लंडने ते थांबवले. अखेर १९८६ मध्ये दोन्ही देशांचा करार झाला. १ डिसेंबर १९९० रोजी दोन्हीकडचे कामगार समुद्राखाली भेटले आणि ६ मे १९९४ रोजी राणी एलिझाबेथ व अध्यक्ष मित्तराँ यांच्या हस्ते उद्घाटन झाले. कामाच्या भरात सुमारे १३ हजार माणसे इथे राबत होती. त्यांतील दहा कामगार मृत्युमुखी पडले. हे सांगत असताना ताईने विचारले, "उद्घाटन करणाऱ्यांची नावे तू सांगितलीस. त्या दहा जणांची नावे काय रे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पस्तीस मिनिटांनी बाहेर उजेडात आलो तेव्हा घड्याळ एक तास पुढे करावे लागले. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जाऊ लागली. दोन्ही अंगांना उंच काटेरी तारांची कुंपणे होती. २०१५ साली युद्धाला आणि दारिद्र्याला कंटाळून आलेली हजारो माणसे कॅलेजवळ झोपड्यांत राहत होती. इंग्लंडला जाण्यासाठी ती रात्री-अपरात्री या रेल्वेवर चढण्याचा प्रयत्न करीत आणि त्यात कित्येकांचे प्राण गेले. ती मोठी वस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये हटवण्यात आली, कुंपणे राहिली. बोगदा तोच, अंतर तेच. खाडी आता कोणाला अडवत नाही, कागद अडवतो. व्हिसाची वाट पाहताना आम्ही जो आठवडा काढला, तो लक्षात घेता त्या माणसांचे काय झाले असेल याची थोडी कल्पना येते.

आमचा पहिला मुक्काम कॅलेपासून तासाभरावर असलेल्या नव्ह-शापेल गावाजवळ होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर पडलेल्या आणि थडगेही न मिळालेल्या ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांचे स्मारक तिथे आहे. १९२७ साली ते उभे राहिले. मध्यभागी सुमारे १५ मीटर उंचीचा स्तंभ आहे आणि तो पाहताच सम्राट अशोकाच्या स्तंभांची आठवण होते. ऑक्टोबर १९१४ मध्ये याच गावासाठी झालेल्या लढाईत खडकीच्या सफरमैना पलटणीच्या दोन तुकड्यांचीही मोठी हानी झाली होती. भिंतीवर शिपायांची नावे ओळीने कोरलेली आहेत. ताई चष्मा लावून एकेक ओळ बोटाने पाहत गेली. इंग्रजी अक्षरे तिला जुळवून जुळवून वाचावी लागतात, तरी तासभर ती तिथून हलली नाही.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हा प्रवास जरूर करावा. पण क्रम चुकवू नये. आधी पासपोर्टची मुदत पाहावी, मग व्हिसा काढावा आणि इंग्लंडच्या व्हिसावर परत प्रवेश करता येतो ना याची खात्री करावी. त्यानंतर मोजपट्टी, गॅस आणि शेवटी तिकीट. म्हातारी माणसे "आम्ही राहतो घरी, तुम्ही जा" असे हमखास म्हणतील. त्यांचे ऐकू नये. वाहनामागे भाडे आहे. आईसाठी एक जागा ठेवल्याने तिकिटाची रक्कम वाढत नाही.