तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते?

माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटला मी नेहमीचेच प्रश्न विचारते. बीपी आहे का, शुगर आहे का, घरात कोणाला हार्टचा त्रास होता का, तंबाखू, झोप, भूक. पेशंट साठीच्या पुढचा असेल तर गेली काही वर्षं एक प्रश्न जास्तीचा असतो: "तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते?" बरेच जण हसतात. काहींना वाटतं, डॉक्टरबाई गप्पा मारताहेत. पण उत्तर मी केसपेपरवर लिहून ठेवते, बीपीच्या आकड्याशेजारीच. का, ते आज सांगते.

स्ट्रोकमध्ये, म्हणजे मेंदूच्या झटक्यात, बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. ही गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर फायदा कमी होत जातो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. (मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या काही निवडक पेशंटमध्ये कॅथेटरने गुठळी बाहेर काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंतही करता येतो, पण ती सोय प्रत्येक हॉस्पिटलात नसते.) म्हणून असा पेशंट कॅज्युअल्टीत आला की पहिल्या काही प्रश्नांतला एक असतो, "शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?" हा माणूस व्यवस्थित बोलत-चालत होता अशी शेवटची खात्रीची वेळ कोणती? पेशंटला स्वतःला अनेकदा बोलता येत नसतं. तो एकटा राहत असेल तर हे सांगणार कोण? कोणालाच सांगता आलं नाही तर घड्याळ आदल्या रात्रीपासून धरावं लागतं, आणि मग झटका प्रत्यक्षात अर्ध्या तासापूर्वी आलेला असला तरी ते इंजेक्शन देताना डॉक्टरांचे हात बांधले जातात.

माझी प्रॅक्टिस चेंबूरची. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प इथे आहे, छेडानगरला मुरुगनचं मंदिर आणि त्याभोवती तमिळ वस्ती आहे, टिळकनगरच्या म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी आता टॉवर उभे राहिलेत आणि थोडं पुढे चीता कॅम्प आहे, १९७६ मध्ये जनता कॉलनी हलवून वसवलेला. माझ्या वेटिंग रूममध्ये एका संध्याकाळी पाच भाषा ऐकू येतात. सगळे एकमेकांकडे बघून हसतात, नंबरवरून थोडं भांडतात आणि घरी जातात. एकत्र राहणं म्हणजे एवढंच, असं बराच काळ आपण धरून चालतो.

आता एका पेशंटबद्दल. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. सत्तरीचे निवृत्त गृहस्थ, पत्नी वारलेली, मुलगा बंगळुरूला. रिडेव्हलपमेंटनंतर मिळालेल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे. जौनपूरकडचा इस्त्रीवाला सकाळी सव्वासातला कपडे न्यायला आला, तेव्हा ते दारात उभं राहून त्याच्याशी हिशोबावरून नेहमीसारखा वाद घालत होते. नऊला तो कपडे परत द्यायला आला तर दार उघडेना. आत टीव्ही चालू. दुसरा एखादा कपडे दाराला अडकवून गेला असता. याने समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे भाड्याने राहणारी दोन मल्याळी मुलं. त्यांच्याकडे किल्ली नव्हती, पण किल्ली घरकामाला येणाऱ्या बाईंकडे असते हे त्यातल्या एकाला ठाऊक होतं, आणि इस्त्रीवाल्याकडे त्यांचा नंबर होता. चीता कॅम्पहून त्या रिक्षाने आल्या. काका सोफ्याखाली पडलेले, तोंड वाकडं, उजवा हात हलत नाही. दहाच्या थोडं आधी हॉस्पिटल. "शेवटचं नीट कधी पाहिलं?" या प्रश्नावर इस्त्रीवाल्याने क्षणभरही विचार न करता सांगितलं, सव्वासात. वेळ हातात होता, इंजेक्शन मिळालं. आज ते चालत क्लिनिकला येतात, फक्त शर्टाची बटणं लावताना उजवा हात कुरकुरतो.

मी नंतर चौकशी केली. त्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे फ्लॅटमालक आहेत, आणि त्या सकाळीही त्यावर फुलांची चित्रं येतच होती. भाडेकरूंना त्यात घेत नाहीत, म्हणजे ती दोन मुलं नव्हती. बाई आणि इस्त्रीवाला अर्थातच नव्हते. त्या दोघांना तर पुढची लिफ्टही वापरायची नाही असा नियम आहे, मागची सर्व्हिस लिफ्ट घ्यायची. कागदावर जे त्या इमारतीचे कोणी नाहीत, त्या चौघांमुळे एक माणूस पांगळा व्हायचा वाचला. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

ही एका माणसाची गोष्ट झाली. शास्त्र काय म्हणतं? अमेरिकेतल्या अलामेडा काउंटीत सुमारे सात हजार लोकांवर नऊ वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे नातेवाईक, मित्र, मंडळं यांच्याशी संबंध कमी होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. २०१० मध्ये अशा १४८ अभ्यासांचं, म्हणजे तीन लाखांहून अधिक लोकांचं, एकत्रित गणित मांडलं गेलं. घट्ट संबंध असणाऱ्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. यात एक गोम आहे: आजारी माणूसच आधी लोकांपासून तुटतो, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे वेगळं काढणं अवघड असतं. संशोधकांनी सुरुवातीच्या तब्येतीचा हिशोब धरल्यावरही फरक उरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो. दवाखान्यात मला तो वेगळ्या रूपात दिसतो: न लागणारी झोप, रात्रीच्या जेवणाऐवजी चहा-बिस्किटं, संपलेल्या आणि पुन्हा न आणलेल्या बीपीच्या गोळ्या.

शेजाराचं महत्त्व सर्वांत स्पष्ट दाखवलं ते शिकागोने. जुलै १९९५ मध्ये तिथे उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू, साउथ लॉनडेलमध्ये लाखामागे ४. पहिल्या वस्तीत दुकानं बंद पडलेली, प्लॉट ओसाड, म्हातारी माणसं भीतीने दार बंद करून बसलेली. दुसरीत रस्ते गजबजलेले, दुकानं उघडी. म्हातारी माणसं एरवीही पाय मोकळे करायला बाहेर पडत, आणि त्या उन्हाळ्यात गार दुकानांत जाऊन बसली.

पण साउथ लॉनडेलमध्ये बहुतेक लोक एकाच मुळाचे, मेक्सिकन होते. चेंबूरचं काय? रॉबर्ट पटनम या अभ्यासकाने २००७ मध्ये अमेरिकेबद्दल एक न रुचणारी गोष्ट मांडली. जिथे वस्ती जास्त मिश्र, तिथे लोक परक्यांवर तर कमी विश्वास ठेवतातच, पण आपल्यांवरही कमी ठेवतात. कासवासारखे आत जातात. पुढे हळूहळू हे बदलू शकतं, असंही त्यानेच म्हटलं आहे. मला वाटतं, आपल्या टॉवरमध्ये हे कासव चौदाव्या मजल्यावर राहतं.

ते बाहेर कसं येतं, याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रात आहे. भिवंडी, यंत्रमागांचं गाव. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भयंकर दंगली झाल्या. १९८८ च्या सुमारास तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि बीटवरचे पोलीस ठरावीक काळाने एकत्र बसत, आणि बोलणं बहुतेक वेळा वस्तीतल्या किरकोळ तंट्यांचं असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांचा अभ्यास करून २००२ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्याचा सारही जवळपास हाच आहे. येता-जाता नमस्कार, सणाला मिठाई हे छोट्या गावात पुरतं. शहरात पुरत नाही. तिथे वेगवेगळ्या लोकांना एकत्र बांधणारं ठरलेलं काम लागतं, मग ती संघटना असो, क्लब असो की युनियन.

औषधाच्या भाषेत सांगायचं तर डोस लहान चालेल, पण रोजच्या रोज हवा. वर्षातून एकदा सगळ्या धर्मांची गाणी एका स्टेजवर म्हणणं म्हणजे महिन्याच्या गोळ्या एका दिवशी घेण्यासारखं आहे.

आमच्या गल्लीत आम्ही महिन्यातून एकदा बीपी आणि शुगर तपासतो. दोन नर्स, दोन मशीन, एक वही. सुरुवातीला मंडळाने मंदिराचा हॉल फुकट दिला होता. गर्दी व्हायची, पण सगळे ओळखीचे, एकाच बाजूचे. मग पावसात हॉलमध्ये गळती सुरू झाली म्हणून टेबल महापालिकेच्या बागेतल्या शेडमध्ये नेलं, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा बुरख्यातल्या बायका, रिक्षावाले, सिक्युरिटीचे नेपाळी भाऊ असे सगळे आले. बाग कोणाचीच नसते, म्हणून सगळ्यांची असते. नंतर वेळ सकाळची संध्याकाळी केली, कारण घरकाम करणाऱ्या बायकांना सकाळ मोकळी नसते. आता वही सांभाळायला आळीपाळीने दोन माणसं बसतात, मुद्दाम वेगवेगळ्या इमारतींतली. महिनाभर न दिसलेल्याला ती दोघं फोन करतात. (हळदीकुंकवाला ज्यांना बोलावत नाहीत त्या विधवा बायका या टेबलाशी सगळ्यात जास्त वेळ थांबतात. त्यांचं बीपी एकदा मोजून झालेलं असतं, तरी थांबतात.)

तुमच्यासाठी काम छोटं आहे. दुसरी किल्ली त्याच मजल्यावर किंवा पाच मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला द्या, मुलगा कितीही चांगला असला तरी बंगळुरूला किल्ली असून उपयोग नाही. एकटे असाल तर रोज एका ठरलेल्या वेळी कोणाच्या तरी नजरेस पडा, अगदी दूधवाल्याच्या का होईना. आणि शेजारी म्हणून ही लक्षणं ओळखा: तोंड एका बाजूला वाकणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, चहा, अॅस्पिरिनची गोळी, काहीही घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं, आणि झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. डायबिटीस असेल आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर शुगर तेवढी बघा, ती फार कमी झाली तरी अशीच लक्षणं दिसतात.

ही लक्षणं आणि मजल्यावरचे फोन नंबर आम्ही आमच्या जिन्यात लावले आहेत, भाडेकरूंचे आणि कामाला येणाऱ्यांचे नंबरही त्यात आहेत. कागद मराठी, हिंदी, उर्दू आणि तमिळमध्ये आहे. तमिळ मजकूर दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या मुलीने लिहून दिला. कोणाला तसाच कागद हवा असेल तर क्लिनिकमधून झेरॉक्स घेऊन जा, नंबरांची जागा रिकामी ठेवली आहे.