पिवळी पिन

चित्रपटाची फीत आणि व्हिडिओची फीत यांत एक मूलगामी भेद आहे, आणि सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी शूटिंगच्या व्यवसायात अर्धे आयुष्य घालविल्यावरही त्या भेदाचे स्मरण झाले की मी क्षणभर थबकतो. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जो काही अंश आज शिल्लक आहे, त्यातला एखादा तुकडा कोणी उजेडापुढे धरला, तर यंत्र नसले आणि वीज नसली तरी त्यावरची माणसे डोळ्यांना दिसतील. माझ्या दुकानात येणाऱ्या व्हीएचएस कॅसेटची फीत मात्र वैशाखातल्या लख्ख उन्हात धरली तरी तपकिरी-काळ्या पट्टीवाचून दृष्टीस काही पडत नाही. नवरी तीत आहे, मांडव आहे, सनईवाले आहेत. परंतु त्यांना पाहण्याचा अधिकार एका विशिष्ट यंत्रालाच आहे, आणि ते यंत्र आता जगात कोणी बनवीत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलै महिन्यात व्हीसीआरचे उत्पादन बंद केले, त्या दिवसापासून आम्हां या कामातल्या मंडळींचा सारा व्यवहार जुन्या यंत्रांच्या अवशेषांवर चालला आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला ही अवस्था फार फोड करून सांगावी लागत नाही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या, कुणबी नोंदी शोधणाऱ्या समितीसाठी आमच्या भागातली निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा कागद शाबूत होते, शाई शाबूत होती, शिक्केसुद्धा जागच्या जागी होते. अडचण होती ती मोडी आणि उर्दू लिपी वाचणाऱ्यांची. आपल्या पणजोबांची नोंद ज्यात असेल तो कागद समोर असूनही तो वाचता येऊ नये, ही व्याकुळता मी लोकांच्या तोंडावर पाहिली आहे, आणि तीच व्याकुळता माझ्या दुकानाच्या बाकावर, मांडीवर कॅसेट घेऊन बसलेल्या माणसाच्या तोंडावर मला पुन्हा दिसते.

ही कॅसेट बहुधा पत्र्याच्या पेटीतून, शालू आणि डांबरगोळ्या यांच्या सहवासातून येते. १९८२ साली दूरदर्शनला रंग आला, त्यानंतर खेड्यांतून व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे पाहण्याची चाल पडली, आणि त्या पाठोपाठ लग्नाचे व्हिडिओ शूटिंग हा ऐपतीचा आणि हौसेचा विषय झाला. खांद्यावर मोठा कॅमेरा घेतलेल्या उस्तादामागे हॅलोजनचा दिवा धरून उभा राहणारा मुलगा म्हणून मी या धंद्यात शिरलो. त्या काळी काढलेल्या तीन तासांच्या एका कॅसेटीत सुमारे २५८ मीटर फीत असते. म्हणजे डिघोळ किंवा शेळगावच्या एखाद्या घरातले अख्खे लग्न, हळदीपासून पाठवणीपर्यंत, अर्ध्या इंचाच्या त्या पट्टीवर पाव किलोमीटरभर पसरलेले असते. त्याची दुसरी प्रत सहसा कोठेच नसते.

हल्ली ग्राहक सोबत स्वतःचा लॅपटॉपही आणतो आणि म्हणतो, “भाऊ, वायर तेवढी लावून द्या, बाकी मी बघून घेतो.” त्याच्या ‘वायर तेवढी’ या दोन शब्दांत माझ्या विद्येचा सारा विषय सामावलेला आहे. व्हीसीआरच्या पाठीमागे तीन गोल भोके असतात, पिवळे चित्राचे आणि लाल-पांढरे आवाजाचे. लॅपटॉपला तसे एकही भोक नसते. तेव्हा माणसाची बुद्धी साहजिकच आकाराकडे धावते. या टोकाला पिवळी पिन आणि त्या टोकाला लॅपटॉपमध्ये बसेल अशी पिन, एवढी सोय झाली की काम झाले, अशी त्याची समजूत असते, आणि बाजारही ही समजूत जोपासतो. वस्तुतः पिवळ्या पिनेतून वाहणारे चित्र आणि संगणकाला कळणारे चित्र या दोन भिन्न भाषा आहेत. पहिले चित्र विजेच्या सतत चढउताराचे आहे, तर दुसरे आकड्यांचे. मध्ये दुभाषी बसविल्यावाचून त्यांचा संवाद होत नाही, आणि हा दुभाषी म्हणजे कॅप्चर कार्ड. तांब्याची तार कितीही उत्तम असली, तरी ती भाषांतर करीत नाही.

त्यातही दिशेचा एक घोटाळा आहे, ज्यापायी कित्येकांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. लॅपटॉपला एचडीएमआयचे भोक असते, म्हणून लोक पिवळ्या पिनेचे एचडीएमआय करणारी डबी आणतात आणि तिचे दुसरे टोक त्या भोकात खोचतात. डबीवरचा दिवा लागतो, पडद्यावर मात्र काही उमटत नाही. कारण ते भोक लॅपटॉपचे चित्र टीव्हीकडे धाडण्यासाठी आहे, बाहेरचे चित्र आत घेण्यासाठी नाही. आवक आणि जावक यांच्या वह्या कोणत्याही कचेरीत निराळ्या असतात. जावक वहीत आवक टपालाची नोंद होत नाही, असे मी ग्राहकाला सांगतो, आणि तलाठ्याच्या चावडीशी ज्याचा आयुष्यभर संबंध आला आहे, त्याला ते चटकन पटते.

मी स्वतः फसलो तो मात्र या जुन्या कॅसेटींच्या पायी नव्हे. त्यांच्यानंतर आलेल्या मिनी डीव्हीने मला धडा दिला. लग्नाच्या शूटिंगसाठी सोनीचा पीडी-१७० हा कॅमेरा आमच्याकडे एके काळी सर्वत्र दिसे. त्याच्या काडीपेटीहून किंचित मोठ्या कॅसेटीत चित्र आकड्यांच्याच रूपाने साठविलेले असते, तासाला सुमारे १३ गिगाबाइट, आणि ते संगणकात उतरविण्यासाठी फायरवायर नावाची एक बारीक चार पिनांची जोडणी असते. माझ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये तिचे कार्ड होते. तो संगणक बंद पडला, नव्या लॅपटॉपला ते भोक नव्हते, आणि बाजारात फायरवायरचे यूएसबी करणारी एक छोटी पिन अगदी स्वस्तात मिळाली. ती दोन्ही बाजूंनी बिनचूक बसली. आठ दिवस मी निरनिराळे ड्रायव्हर घातले, काढले, पुन्हा घातले. कॅमेरा सुरू, फीत चालू, आणि संगणकाला त्या कॅमेऱ्याच्या अस्तित्वाचीही वार्ता नाही.

त्याचे कारण समजले तेव्हा मला या कामाचे मर्म प्रथम उमगले. यूएसबीचा कारभार कचेरीसारखा आहे: संगणक हा साहेब, तो विचारील तेव्हाच जोडलेल्या उपकरणाने उत्तर द्यावयाचे. फायरवायरचा कारभार भाऊबंदांच्या बैठकीसारखा. तेथे कॅमेरा आणि संगणक बरोबरीच्या नात्याने बसतात, आणि दर सेकंदाला ८००० वेळा फिरणाऱ्या पाळीत चित्राची जागा आधीच राखून ठेवलेली असते, म्हणून चित्राला कधी तिष्ठावे लागत नाही. या दोन रिवाजांमध्ये त्या स्वस्त पिनेने काहीच केले नव्हते. तिने केवळ एका आकाराच्या भोकात दुसऱ्या आकाराची तार पोचविली होती. अखेर मी मोडीत निघालेला एक डेस्कटॉप विकत घेतला, त्यात जुने फायरवायर कार्ड बसविले, आणि तो आजतागायत केवळ याच एका कामासाठी झाकून ठेवला आहे. इंटरनेट त्याला लावायचे नाही, नवी प्रणाली त्यावर घालायची नाही, असा माझा दंडक आहे, आणि तो योग्य होता हे आता सिद्ध झाले आहे. कारण ज्या अ‍ॅपल कंपनीच्या पुढाकाराने फायरवायरचा जन्म झाला, तिनेच २०२५ साली आपल्या मॅकओएस टाहो या प्रणालीतून तिचा आधार काढून घेतला.

व्हीएचएसची गोष्ट याहून नाजूक आहे. दुभाषी मिळाला, कॅप्चर कार्ड लागले, तरी काम संपत नाही, कारण बोलणारा अडखळत बोलतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रे असतात, प्रत्येक चित्र ६२५ रेषांचे, आणि प्रत्येक रेषेला ६४ मायक्रोसेकंदांचा नेमका अवकाश. व्हीसीआरमधला तिरका गोल ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेत, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या अरुंद पट्ट्यांवरून या रेषा वाचीत जातो. परंतु जी फीत तीस उन्हाळे पत्र्याच्या छपराखाली, ४२-४३ अंशांच्या उष्म्यात काढून आली आहे, ती जागोजागी ताणलेली असते, आणि तिच्यावरची एक रेषा अंमळ लवकर येते तर दुसरी अंमळ उशिरा. जुना काचेचा टीव्ही मोठा सोशीक होता; तो उशिरा आलेल्या रेषेलाही सामावून घेई, फार तर चित्राचा माथा थोडा वाकडा होई. संगणक तेवढी सवलत देत नाही. वेळेवर न आलेले चित्र तो टाकून देतो, आणि अशी चित्रे गळत गेली की तिसऱ्या तासाला मंगलाष्टके ऐकू येतात एका ठिकाणी आणि अक्षता पडताना दिसतात भलत्याच ठिकाणी.

यावर उपाय म्हणून व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर बसवितात. आणि तो परवडत नसेल, जसा मला कित्येक वर्षे परवडला नाही, तर काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून चित्र नुसते आरपार नेले तरी पुष्कळसे भागते. या करेक्टरचे काम मी अंतरपाटाशी ताडून पाहतो. लवकर आलेल्या रेषेला तो क्षणभर आड धरतो, मुहूर्ताचा नेमका क्षण आला की पडदा बाजूला सारतो, आणि पलीकडच्या संगणकाला ज्याची त्याची भेट ज्याच्या त्याच्या वेळी होते.

या सर्वांआधी ड्रमवरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाने कधीच नव्हे तर मऊ चामड्याच्या तुकड्याने, आडव्या दिशेने पुसायचे असते. उभे पुसले तर हेड तुटते. कॅसेट लावल्यावर ती एकदा संपूर्ण पुढे आणि एकदा संपूर्ण मागे फिरवून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटलेले थर मोकळे होतात. बुरशीचा पांढरा धागा दिसला तर ती कॅसेट यंत्रात घालायचीच नाही. आणि एकदा उतरविण्यास आरंभ झाला की तीन तासांच्या लग्नाला तीनच तास लागतात, त्यात कोणाचा वशिला चालत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली जाहीर केले होते की, चुंबकीय फितीवरचा जो ठेवा २०२५ पर्यंत उतरविला जाणार नाही तो बहुतांशी हातचा जाईल. ती मुदत संपली. तथापि सोनपेठ तालुक्यातल्या पेट्या अद्याप पुरत्या उघडल्या गेलेल्या नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून दोन व्हीसीआर चालू स्थितीत आणि तिसरा केवळ सुट्या भागांसाठी, अशी तजवीज मी करून ठेवली आहे.

नक्कल अस्सलाबरहुकूम असावी याविषयी माझा आग्रह कठोर आहे, आणि त्यामुळे तरुण ग्राहकांशी माझे कधी कधी पटत नाही. त्यांना कडेची काळी चौकट कापून हवी असते, चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी नको असते, पंगतीचा लांबलचक भाग वगळून त्यावर नवे गाणे घालून हवे असते. ती प्रत मी करून देतो, परंतु आधी फितीवर जे जसे आहे ते तसेच, कडांसह, एक प्रत करून निराळी ठेवतो.

गतवर्षी वाणीसंगमहून एक आजी नातवाबरोबर आल्या. लेकीच्या लग्नाची १९९६ ची कॅसेट होती. आजींचे यजमान त्याच वर्षी वारले होते, आणि ते कॅमेऱ्यापुढे कधी उभेच राहत नसत, त्यामुळे कॅसेटीत ते कोठेच नाहीत, असे नातू म्हणाला. घरातल्या टीव्हीवर सर्वांनी ती अनेकदा पाहिली होती. मी ती त्यांच्यासमोरच उतरवायला घेतली. पंगतीचे दृश्य चालू असताना उजव्या कडेला, घागर घेऊन पाणी वाढीत जाणारा एक उंच माणूस चार-पाच पावलांपुरता दिसला आणि चौकटीबाहेर गेला. जुने टीव्ही चित्राच्या चारी कडा आपल्या चौकटीआड झाकीत असत. संगणकाने ती कड उघडी केली होती, आणि इतकी वर्षे त्या घरच्या टीव्हीने झाकून ठेवलेला माणूस प्रथमच त्या घरच्यांपुढून चालत गेला.

आजी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “लेकरा, मागं घे की जरा.”

मी म्हणालो, “आजी, आत्ता नाही. फीत अशी मधेच मागंपुढं केली की ताणते. ही पुरी उतरू द्या.” त्या पदर सावरून तशाच बसून राहिल्या, पाठवणी होईपर्यंत, आणि नंतर नुसता निळा पडदा येईपर्यंत. मग मी कॅसेट काढून डबीत घातली, संगणकावरची प्रत उघडली, पंगतीपाशी आणली, आणि कोणते बटण दाबले की चित्र मागे जाते ते त्यांच्या बोटाला दाखवून दिले. दिवेलागण होईपर्यंत त्या तेवढीच चार-पाच पावले पाहत होत्या.