दहाचा ठोका

आमच्या घरात एक तांबडी सतरंजी आहे. तांबडी आपली म्हणायची. रंग केव्हाच उडाला आहे आणि एका कोपऱ्यावर चहाचा मोठा डाग आहे. दर दिवाळीला घराची साफसफाई निघाली, की सौभाग्यवती ती सतरंजी टाकायच्या ढिगात घालते आणि दुपारी ती आडवी झाली, की मी ती हळूच उचलून माळ्यावर परत ठेवतो. आमच्या संसारात एक अक्षर न बोलता वर्षानुवर्षे चाललेला हा एकच खटला आहे.

सतरंजी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मी १९७८ साली नोकरीसाठी पुण्याला बिऱ्हाड केले, त्या वर्षापासून ते दर डिसेंबरात सांगलीहून येत. वळकटीत ही सतरंजी, एक शाल, कानटोपी आणि दशम्यांचा डबा. लेकाच्या ओढीने येत असतील असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ते येत सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला. लेकाचे घर वाटेवर लागे, एवढेच.

आप्पा शेवटपर्यंत 'पुण्यतिथी'च म्हणत; 'महोत्सव' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसला नाही. आणि मुळात ती पुण्यतिथीच होती. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. नाटकाच्या रंगभूमीवर नाव मिळवले, पण जीव ख्यालात. १९५२ साली ते पुण्यात वारले. १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळाने त्यांची पुण्यतिथी गाण्याने साजरी करायला सुरुवात केली, आणि पुढे तिचा सगळा भार त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी खांद्यावर घेतला. गुरूचे श्राद्ध शिष्याने गाऊन घालावे, अशी ती साधी कल्पना. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुबंधू-भगिनींची मंडळी घरच्या कार्याला यावे तशी येत. मग इतर घराण्यांचे गवई आले, वादक आले, नर्तक आले. ऐकणारे इतके वाढले, की छपराखालची जागा पुरेना आणि कार्य शाळेच्या पटांगणात, उघड्यावर आले. पुढे रमणबाग शाळेचे पटांगण आणि 'सवाई' हे तर पुणेकरांच्या मनात एकच होऊन बसले. डिसेंबर उजाडला, की वाण्याच्या दुकानातसुद्धा विचारणा होई, "यंदा सवाईला आहात ना?"

आहात म्हणजे किती, तर तीन रात्री. संध्याकाळी बसायचे आणि उजाडल्यावर उठायचे.

माझी पहिली रात्र मला चांगली आठवते. खरे सांगायचे तर मी गाण्यासाठी गेलोच नव्हतो. आप्पांची वळकटी उचलायला गेलो होतो. त्यांनी सतरंजी पसरली आणि शेजारच्या चादरीशी तिची हद्द कायम करण्यात दहा मिनिटे घालवली. भारतीय बैठकीतले हे सीमातंटे फार चिवट. शेजारी कानटोपी आणि मफलर यांत संपूर्ण गुंडाळलेले एक गृहस्थ होते. त्यांचे फक्त नाक दिसत होते, आणि तेही आमच्या हद्दीत येत होते.

रात्रीचे दहा वाजले तेव्हा मला वाटले, आता आटोपेल. आप्पा म्हणाले, "अरे, अजून गवयांचे जेवण व्हायचंय." दहा म्हणजे तिथे सुरुवात होती. बाराच्या पुढे कोणीतरी मालकंस काढला. दोन वाजता चहा झाला (तो डाग त्या रात्रीचा). तीन ते चार हा तास मात्र अवघड. निम्मे पटांगण शालीखाली कलंडलेले असते. कोणी चक्क घोरत असतो आणि नेमका समेवर "वा!" म्हणून जागा होतो. थंडीने तंबोरे उतरतात, ते पुन्हा पुन्हा लावावे लागतात आणि त्या तारा जुळेपर्यंत सारे पटांगण गप्प बसून राहते. सतरंजीवर हात ठेवला तर ती दवाने ओलसर लागते.

मग भीमसेन आले. शेवटच्या रात्रीची अखेर त्यांची असे. त्यांनी पहाटेचा ललित सुरू केला तेव्हा अंधारच होता. ललित पहाटेचा राग, हे मी कुठेतरी वाचले होते, पण वाचून ते कळत नाही. शाळेच्या कौलांवर कावळे बोलू लागले, दिव्यांचा पिवळेपणा फिका पडला, आणि गाणे चालू असतानाच आजूबाजूच्या माणसांना चेहरे आले. रात्रभर ज्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो, त्या मफलरवाल्या गृहस्थांनी कानटोपी काढली; ते आमच्या शाखेचे मॅनेजर निघाले. आदल्या दिवशी याच गृहस्थांनी माझा रजेचा अर्ज नामंजूर केला होता. ते माझ्याकडे पाहून हसले. मी पोटदुखीचे कारण सांगून घरी राहिलो होतो, हे त्यांना आठवले असावे. पण ते गाण्यातून पुरते बाहेर आले नव्हते आणि मीही.

शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावत. तिच्या खरखरीतून तो आवाज येई आणि एवढा जनसमुदाय मुकाट बसून ऐके. मग वळकट्या बांधायच्या. बाहेर दूधवाले फिरत असत, पेपरची पोरे सायकली हाकत असत. आप्पा घरापर्यंत एक शब्द बोलत नसत.

अशी मी वीस-बावीस वर्षे काढली.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण तिच्यात माझी सही आहे. आई गेल्यावर आप्पा आमच्याकडेच राहायला आले. १९९९ साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी सांगितले, "झोप मिळाली पाहिजे." आणि पंधरा दिवसांत गणपती बसले. आमच्या गॅलरीसमोर एका मंडळाने स्पीकरची भिंत उभी केली. भिंत हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. रात्री एक वाजता आमच्या कपाटातली काचेची भांडी आपोआप वाजत. आप्पा उशी कानांवर दाबून बसलेले असत. कार्यकर्त्यांना विनंती करायला गेलो, तर त्यांनी प्रसाद दिला आणि आवाज वाढवला.

तेव्हा मी अर्ज लिहिला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झालेच पाहिजेत, असा. 'च' खाली दोन रेघा ओढल्या. चाळीस सह्या मिळवल्या, पहिली आप्पांची.

२००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, ते काही माझ्या अर्जामुळे नव्हे. पण ती बातमी मी घरात अशी वाचून दाखवली, की जणू दिल्लीहून मला पोचपावती आली होती. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. पुढे २००२ साली सणासमारंभासाठी वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देण्याची मुभा सरकारला मिळाली, त्यापुढे नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्यावर शिक्कामोर्तब केले. मी पेढे आणले होते.

त्या पेढ्यांचा हिशेब डिसेंबरात लागला. कायद्याला भिंत आणि तंबोरा यांतला फरक कळत नाही, आणि कळावा असे म्हणणेही बरोबर नाही; कोणाचा आवाज गोड हे चौकीतल्या हवालदाराने ठरवायचे काय? बंद सभागृहाला नियमाची आडकाठी नाही, पण हजारोंचे पटांगण सभागृहात कसे भरायचे? सवाईच्या रात्री गेल्या. तीनाचे चार-पाच दिवस झाले, गाणे दुपारीच सुरू होऊ लागले आणि दहाला संपू लागले. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत.

यात काही मिळालेही, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्रीच्या मैफलीत ज्यांना कधी दारही उघडत नसे, ते दुपारचे राग, सारंग, भीमपलास, मुलतानी, सवाईत रुजू झाले. लहान मुले घेऊन बायका येऊ लागल्या. पूर्वी त्यांतल्या कितीजणींना रात्रभर घराबाहेर राहता येत होते? भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेले आणि महोत्सवाला गुरूच्या जोडीला त्यांचेही नाव लागले. २०१८ पासून तो रमणबाग सोडून मुकुंदनगरला गेला. कोरोनात बंद पडला, २०२२ साली पुन्हा भरला. मी जातो. खुर्चीवर बसतो. सव्वादहाला रिक्षा मिळते.

पण ते सगळे पुढचे. त्या पहिल्या डिसेंबरात मी आप्पांना घेऊन रमणबागेत गेलो होतो. दहाला गाणे संपले. लोक उठले, तरी आप्पा सतरंजीवर बसूनच. मी म्हणालो, "आप्पा, संपलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. मग कानटोपी सारखी करत म्हणाले, "पहिली सही माझीच होती रे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चारच्या सुमारास पाहतो तो आप्पाही अंथरुणात बसलेले. मी काही न बोलता सतरंजी उचलली, त्यांना शाल गुंडाळली आणि एकेक पायरी थांबत गच्चीवर नेले. बरोबर टेपरेकॉर्डर आणि भीमसेनांच्या ललितची कॅसेट. थंडी मी म्हणत होती. सतरंजी पसरून आम्ही बसलो. षड्ज लागला तसे आप्पांनी डोळे मिटले. मला वाटले, आता तरी त्यांना नीट ऐकू यावे, म्हणून मी आवाज थोडा वाढवला.

आप्पांनी डोळे न उघडताच हात वर केला.

"बारीक कर. लोक झोपलेत खाली."

मी बारीक केला. मग आणखी थोडा बारीक केला, आणि टेपरेकॉर्डर आम्हा दोघांच्या मध्ये सरकवून दोघेही वाकून ऐकत बसलो.